ग्रेट शुगर लोफ चढायचाय? शेवटच्या पन्नास मीटरची तयारी घरूनच करून निघा

डब्लिनला नवीन आलेल्या आपल्या लोकांचा पहिला आयरिश डोंगर बहुतेकदा ग्रेट शुगर लोफच असतो. साहजिक आहे, एन११ हायवेने दक्षिणेला विकलो काउंटीकडे निघालं की ब्रे गाव मागे पडल्यावर उजव्या हाताला लहान मुलाने चित्रात काढावा तसा टोकदार डोंगर दिसतो आणि गाडीतलं कोणीतरी म्हणतंच, यावर जायचं का. उंची ५०१ मीटर. ज्यांनी राजगड, कळसूबाई केलंय त्यांना हा आकडा ऐकून काहीच वाटत नाही, आणि वरच्या पार्किंगमधून तर जेमतेम २०० मीटर चढायचं असतं. तरी पाय मुरगळून, तळहात सोलून, घाबरून रडत खाली येणारी माणसं मी इथे बघितली आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी गडबड झाली ती शेवटच्या पन्नासेक मीटरच्या दगडी टप्प्यात, तीही चढताना कमी आणि उतरताना जास्त. म्हणून मी हे सगळं त्या टप्प्याला धरूनच लिहितेय. कपडे, वेळ, वारा, रस्ता हे सगळं बघायचं ते तुम्ही त्या टप्प्याखाली कुठल्या अवस्थेत पोचता यासाठी.

आधी दगड समजून घ्या

आकार बघून खूप जण याला ज्वालामुखी समजतात, तो नाहीये. हा डोंगर क्वार्टझाइटचा आहे, म्हणजे कधीकाळची समुद्रतळाची वाळू दाबली जाऊन गारगोटीसारखी कडक झाली, ५० कोटी वर्षांहून जुनी. विकलोचे आतले मोठे डोंगर बरेचसे ग्रॅनाइटचे, म्हणून ते गोल, पसरट दिसतात, आणि हा एकटा टोक काढून उभा आहे कारण क्वार्टझाइट सहज झिजत नाही. पण तो फुटतो. फटीत पाणी शिरून गोठायचं, दगड तडकायचा, असं हजारो हिवाळे झाल्यावर वरच्या उतारावर धारदार कडांचे सुटे तुकडे साचलेत. आपण सह्याद्रीत ज्याला घसारा म्हणतो तोच, फक्त आपल्याकडचा घसारा बारीक मुरमाचा असतो आणि इथे मुठीएवढ्यापासून टीव्हीएवढ्यापर्यंत ठोकळे आहेत. आपल्या बसाल्टच्या कातळावर बूट जसा चिकटतो तसा यावर चिकटत नाही, त्यातून इतक्या लोकांच्या पायांनी दगड गुळगुळीत झालेत आणि पावसानंतर त्यांच्यावर पाय सरकतो. सह्याद्रीतला अनुभव उपयोगी पडतो, पण पकडीचा अंदाज इथे नव्याने घ्यावा लागतो, आणि अनुभवी माणसंच यात फसतात.

नावाचं म्हणाल तर पूर्वी युरोपात साखर शंकूच्या आकाराच्या ढेपेत विकायचे, आपल्याकडे गुळाची ढेप असते ना तशी, त्या ढेपेवरून शुगर लोफ. आयरिशमध्ये याला ओ कुअलन म्हणतात, या भागाचं जुनं नाव कुआला होतं त्यावरून. मला हे जुनं नाव जास्त आवडतं. शेजारी हायवेच्या पलीकडे लिटल शुगर लोफ आहे ३४२ मीटरचा, तो वेगळा, मॅपवर सर्च करताना नीट बघा.

कधी जायचं

सगळ्यात आधी वारा बघा. पाऊस नंतर. इथे पावसाची भीती सगळ्यांना असते आणि वाऱ्याकडे कोणी बघत नाही, पण जॅकेट चांगलं असेल तर भुरभुर पावसात चालता येतं, वाऱ्यात मात्र त्या शेवटच्या टप्प्यात एक पाय उचललेला असताना झोत आला की तोल जातो. मेट एरनचा, म्हणजे इथल्या हवामान खात्याचा, फोरकास्ट आपण बघतो तो खालच्या गावाचा असतो, एकटा सुळका असल्यामुळे वर वारा बराच जास्त लागतो. माझा नियम साधा आहे, खालच्या फोरकास्टमध्ये झोत ताशी ५० किलोमीटरच्या वर दाखवत असतील तर मी वर जात नाही, मुलगी बरोबर असेल तर ४० लाच थांबते. मेट एरनची यलो वॉर्निंग असेल तर तो दिवस सोडूनच द्या, यलो म्हणजे किरकोळ असं समजू नका.

तापमान दर १०० मीटरला साधारण अर्धा-पाऊण डिग्री उतरतं, म्हणजे माथ्यावर समुद्रकिनाऱ्यापेक्षा तीनेक डिग्री कमी, वर वाऱ्याचा गारवा वेगळा. ब्रेला १२ डिग्रीत हाफ टीशर्ट चालतो, वर बोटं बधिर होतात आणि बधिर बोटांनी दगड नीट पकडता येत नाही.

ढगाचं सोपं आहे. हायवेवरून टोक दिसत असेल तर जा, टोक ढगात गुंडाळलेलं असेल तर ब्रेच्या समुद्रावर फिरून या आणि तासाभराने परत बघा. अर्ध्या तासात स्वच्छ होतं आणि अर्ध्या तासात परत झाकतं असा इथला कारभार आहे. ढगात वर गेलात तर काही दिसणार नाहीच, शिवाय उतरायची वाट शोधताना चुकायला होतं.

उजेडाचंही बघा. डिसेंबरात डब्लिनला सूर्य चारनंतर लगेच मावळतो आणि सकाळी साडेआठनंतर उगवतो, जूनमध्ये रात्री दहाच्या सुमाराला मावळतो. हिवाळ्यात जेवून निवांत दोनला निघू हे चालत नाही. मला विचाराल तर ऑगस्टचा शेवट सगळ्यात सुंदर, खालचा उतार हेदरच्या बुटक्या झुडपांनी जांभळा झालेला असतो आणि त्यातच गॉर्स या काटेरी झुडपाची पिवळी फुलं. एप्रिल-मे पण छान, गॉर्सला तेव्हा खोबऱ्यासारखा वास येतो, आईला तो वास आल्यावर ती वाटेत थांबून झुडपाजवळच उभी राहिली होती. कोरड्या दिवसांत मात्र तिथे काडी, सिगरेट, डिस्पोजेबल बार्बेक्यू यातलं काहीही पेटवू नका, गॉर्स हिरवा असला तरी भडकतो आणि या डोंगरावर आगी लागलेल्या आहेत.

दोन वाटा, आणि कोणती कोणासाठी

पहिली वाट वरच्या पार्किंगची, कॅलरी नावाच्या भागाकडची. एन११ च्या ८ नंबरच्या एक्झिटला किलमॅकॅनोगला उतरायचं, आर७५५ रस्त्याने राउंडवूड-ग्लेन्डलॉककडे जायचं, रॉकी व्हॅलीतून चढ चढून पुढे काही किलोमीटरवर डावीकडे छोटा रस्ता वळतो आणि त्यावर थोडं गेलं की डाव्या हाताला पार्किंग. जाऊन-येऊन पावणेतीन किलोमीटरच्या आसपास. लहान मुलं, आलेले आईवडील, पहिल्यांदाच डोंगर चढणारे, यांच्यासाठी हीच. शनिवार-रविवारी चांगल्या हवेत अकरानंतर जागा मिळत नाही, नऊच्या आत पोचा, आणि रस्त्याच्या कडेला गाडी लावून शेतकऱ्याचं गेट अडवू नका. गाडीत बॅग, लॅपटॉप काहीही दिसेल असं ठेवू नका. विकलोतल्या डोंगराखालच्या पार्किंगमध्ये काचा फोडून चोऱ्या होतात, आमच्या एका मित्राचे कुटुंबाचे पासपोर्ट असेच गेले होते.

दुसरी वाट खाली किलमॅकॅनोग गावातून. गाडी नसेल तर हीच, बस गावात थांबते, रविवारच्या फेऱ्या कमी असतात म्हणून परतीची वेळ टीएफआयच्या (इथल्या सार्वजनिक वाहतुकीच्या) अॅपवर आधी बघून ठेवा. गावातून जीएए च्या (आयरिश खेळांच्या संघटनेच्या) मैदानाच्या बाजूने वर निघायचं, गॉर्स आणि ब्रॅकनच्या नेच्यातून वाट चढत जाते, डोंगराला बाजूने वळसा घालत पार्किंगकडून येणाऱ्या मोठ्या वाटेला शेवटच्या टप्प्याखाली मिळते. चढ जवळजवळ ४०० मीटर, अंतर जाऊन-येऊन सहाएक किलोमीटर. खरा डोंगर चढल्याचं समाधान याच वाटेला आहे आणि गर्दीही कमी. मात्र खालच्या भागात मेंढ्यांच्या आणि लोकांच्या पायवाटा फुटतात, त्यामुळे मॅप फोनमध्ये ऑफलाइन उतरवून घ्या. कागदी हवा असेल तर डिस्कव्हरी सिरीजचा ५६ नंबरचा नकाशा.

वेळेचा हिशोब नेस्मिथच्या नियमाने करा, १८९२ पासून डोंगरातली माणसं तो वापरतात. सपाटीला ताशी ५ किलोमीटर आणि प्रत्येक ६०० मीटर चढाईला एक तास जादा. पार्किंगची वाट या हिशोबाने पन्नासेक मिनिटांची निघते, गावाची पावणेदोन-दोन तासांची. पण हा हिशोब धडधाकट माणसाचा, न थांबता चालणाऱ्याचा, आणि त्यात शेवटचा दगडी टप्पा धरलेला नाही. मी पहिल्या वाटेला दोन तास धरते आणि दुसऱ्या वाटेला तीन, वर बसायला वेळ हवाच ना.

आणखी एक, आयर्लंडमध्ये कुठल्याही डोंगरावर जायचा सरसकट कायदेशीर हक्क नाही. आपण चढतो ते जमीनमालकांच्या आणि तिथे मेंढ्या चारणाऱ्यांच्या चांगुलपणावर. त्यामुळे गेट जसं होतं तसं ठेवा, बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं, आणि कुत्रा असेल तर पट्ट्याला बांधलेला.

अंगावर आणि बॅगेत काय

बुटांचा तळवा बघा, ब्रँड राहू द्या. खोल नक्षी असलेला, वाकवल्यावर एकदम दुमडून न जाणारा तळवा हवा. ऑफिसला घालतो ते पांढरे स्नीकर्स पार्किंगपासून निम्म्या वाटेपर्यंत चालतील, शेवटच्या टप्प्यात नाही चालणार. जीन्स नको, भिजली की जड होते, गुडघ्याला आवळते आणि वाळत नाही. आतून सिंथेटिक किंवा लोकरीचा थर, वर फ्लीस, त्यावर पाऊस आणि वारा दोन्ही अडवणारं जॅकेट. पातळ हातमोजे जुलैतसुद्धा बॅगेत ठेवा, थंडीसाठी तर आहेतच, पण दगडाच्या धारेपासून हातही वाचतात, हे मी एकदा तळहात कापून घेतल्यावर शिकले. टोपी कान झाकणारी.

बॅग पाठीला घट्ट बसणारी हवी, एका खांद्यावर लोंबणारी नको, दगडात ती पुढे येऊन तोल घालवते. पाणी माणशी एक लिटर पुरतं, वर पाणी नाही. खायला आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेतो, थर्मासमध्ये चहा, चिक्की. क्रिस्पची, म्हणजे वेफर्सची, पाकिटं वाऱ्यात उडून जातात आणि मग ती गोळा करायला कोणी जात नाही. फोन फुल चार्ज, थंडीत बॅटरी पटकन उतरते म्हणून आतल्या खिशात. छोटा टॉर्च, शिट्टी, क्रेप बँडेज. घरी कोणाला तरी वाट आणि परत यायची वेळ सांगून निघा, एक मेसेज पुरतो.

आता चढायला

पार्किंगमधून वाट आधी हळूहळू चढते, टोक समोर दिसतच असतं. हा भाग घाईत करू नका. बोलता आलं पाहिजे इतकाच वेग ठेवा, बोलताना धाप लागली तर कमी करा. मुलं इथे धावतात आणि वर दगडात पोचेपर्यंत दमतात, मी माझ्या मुलीला या भागात मुद्दाम मागे ठेवते. वाट रुंद आहे, खूप झिजलीय. चिखल चुकवायला कडेच्या हेदरवरून चालू नका, प्रत्येकाने एक पाऊल बाजूला टाकलं की वाट दर वर्षी रुंद होते आणि पावसाचं पाणी तिथून माती नेतं. दगड बसवून बांधलेली वाट दिसली तर तिच्यावरूनच जा, कुणीतरी हाताने ते दगड लावलेत. चिखलातून गेलात तर बूट धुता येतात.

उतार तीव्र होऊन माती संपते आणि दगड सुरू होतात तिथे थांबा. पाणी प्या, बुटाच्या नाड्या घट्ट करा, काठ्या असतील तर दुमडून बॅगेत, फोन खिशात आणि खिशाची चेन बंद. मग ग्रुपमधल्या प्रत्येकाला खरंच विचारा की जायचंय का. इथून परत फिरण्यात काही गेलं नाही, समुद्र इथूनही दिसतो. आई आली होती तेव्हा ती इथेच थांबली, गुडघ्यांचा विचार करून तिचं तिने ठरवलं, जॅकेट घालून थर्मास घेऊन दगडावर बसली आणि आम्ही वर जाऊन आलो, तिच्या सोबतीला माझा नवरा थांबला. एकट्या माणसाला थंडीत बसवून सगळ्यांनी वर जायचं नाही, हे मात्र पाळा.

चढताना हात वापरा, लाजू नका. चार अवयवांपैकी तीन नेहमी टेकलेले, एकच हलवायचा. हात टाकाल तो दगड आधी थोपटून, हलवून बघा, मग वजन द्या. दगड स्वतःकडे ओढू नका, खाली दाबून वर उठा, सुटा असेल तर ओढल्यावर तो तुमच्यासकट येतो. पायासाठी खालून घट्ट रोवलेला मोठा ठोकळा शोधा, बारीक चुऱ्यावर पाय ठेवला की घसरतो. पायाला लागून दगड सुटलाच तर लगेच जोरात ओरडा, कुठल्याही भाषेत, खालचा माणूस वर न बघता डोकं हाताने झाकून बाजूला होतो. आणि म्हणूनच समोरच्याच्या अगदी बरोबर खाली राहू नका, थोडे बाजूने चढा. मूल असेल तर ते पुढे आणि मोठा माणूस त्याच्या लगेच मागे हाताच्या अंतरावर, म्हणजे घसरलं तरी धरता येतं.

माथा छोटा, खडकाळ आहे. पूर्वेला आयरिश समुद्र, ब्रे हेड, उत्तरेला किलायनी, डब्लिनचा उपसागर आणि टोकाला हाउथ, पश्चिमेला जाउस ७२५ मीटरचा आणि त्याच्यामागे विकलोचे डोंगर एकामागे एक. हवा एकदम स्वच्छ असली तर समुद्रापलीकडे वेल्सचे डोंगर दिसतात, मला इतक्या वर्षांत दोनदाच दिसलेत आणि दोन्ही वेळा पाऊस पडून गेल्यावरची सकाळ होती. वाऱ्याच्या आडोशाला बसा, पोचल्या पोचल्या अंगात एक थर चढवा, घाम वाऱ्यात गार पडायच्या आधी. उरलेलं खाणं, संत्र्याची सालसुद्धा, परत पिशवीत.

उतरणं

उतरायच्या आधी वर उभं राहून आपण कुठून आलो ते नीट ओळखा. चढताना शेवटच्या टप्प्यात एकदोनदा मागे वळून फोटो काढून ठेवलात तर इथे कामी येतो, कारण वरून सगळ्या घळी सारख्याच दिसतात. पहिल्या वर्षी आम्ही दोघं गर्दी टाळायला बाजूच्या घळीतून उतरलो, वरून ती सोपीच वाटली, पंधरा-वीस मीटरवर सगळा सुटा दगड लागला, प्रत्येक पावलाला तो खाली वाहत होता, नवऱ्याचा घोटा मुरगळला आणि माझा तळहात कापला. परत वर चढून मूळ वाटेने यायला तास गेला. आले त्याच वाटेने उतरा, थांबावं लागलं तरी.

तीव्र भागात दगडाकडे तोंड करून, शिडी उतरतो तसं उतरा. बाहेर तोंड करून बसून घसरत येणारे खूप दिसतात, पण तेव्हा पाय कुठे पडतोय हे बॅगेमुळे आणि मांड्यांमुळे दिसत नाही आणि दगड सुटला की तो पायाखालच्या माणसावर जातो. उतार कमी झाल्यावर बाहेर वळा, गुडघे थोडे वाकलेले, पावलं छोटी, वजन पुढच्या पायावर सरळ. घाबरून मागे झुकलं की टाच निसटते आणि माणूस बसतो, हे सह्याद्रीतल्या घसाऱ्यासारखंच. इथे मोठा माणूस आधी खाली आणि मूल त्याच्या वर. वरून येणाऱ्या माणसाला घाई असेल तर त्याला जाऊ द्या. गप्पा बंद, फोटो बंद, दगड संपेपर्यंत.

कोणाला लागलंच आणि चालता येत नसेल तर ११२ किंवा ९९९ ला फोन करून माउंटन रेस्क्यू मागा. डोंगराचं नाव, कुठल्या वाटेवर आहात, फोनमधलं लोकेशन, किती जण आणि काय लागलंय हे सांगा, मग फोन मोकळा ठेवा. मदतीला येणारी सगळी माणसं स्वयंसेवक असतात, यायला वेळ लागतो, तोवर जखमी माणसाला जमिनीपासून वर बॅगेवर बसवा आणि सगळे जास्तीचे कपडे त्याच्या अंगावर घाला. आवाज द्यायचा तर शिट्टीचे मिनिटाला सहा फुंकर, मग एक मिनिट थांबून परत.

खाली आल्यावर गरम काही हवं असेल तर किलमॅकॅनोगलाच अव्होकाचं मोठं दुकान आणि कॅफे आहे, सूप चांगलं मिळतं.

घरी गेल्यावर गोचीड बघायचं विसरू नका, विशेषतः गावाकडच्या वाटेने ब्रॅकनमधून गेला असाल तर. खसखशीच्या दाण्याएवढंही असू शकतं. गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली, मुलांच्या केसांच्या कडेला आणि कानामागे बघा. दिसलं तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ वर ओढा, पिळू नका, तेल लावू नका, जाळू नका. ती तारीख फोनमध्ये लिहून ठेवा, कारण गोचीड चावून होणाऱ्या लाइम आजाराचा पसरत जाणारा लाल चट्टा ३ ते ३० दिवसांत कधीही उठू शकतो, आणि तो उठला किंवा ताप आला तर जीपीकडे, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरकडे, जाऊन डोंगरावर गेलो होतो हे आधी सांगा.